दोन याद्यांची एक यादी
विमान कंपन्यांचे विलीनीकरण आणि वैमानिकांची सेवाज्येष्ठता

दोन विमान कंपन्या एक होतात तेव्हा त्यांची विमाने एकत्र मोजता येतात, कर्जांची बेरीज करता येते आणि समभागांच्या अदलाबदलीचे प्रमाण हिशेबतज्ज्ञांना ठरवता येते. एक गोष्ट मात्र अशा बेरजेला दाद देत नाही. ती म्हणजे वैमानिकांची सेवाज्येष्ठतेची यादी. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेत झालेल्या विलीनीकरणांचा इतिहास पाहिला, तर भांडवलदारांचे तंटे काही महिन्यांत मिटलेले आणि वैमानिकांचे तंटे दहा दहा वर्षे चाललेले आढळतात. असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रथम ही यादी म्हणजे काय हे पाहिले पाहिजे.

वैमानिक कंपनीत रुजू होतो त्या दिवशी त्याला एक क्रमांक मिळतो. तो सर्वांत खालचा असतो. त्याच्या वरचे लोक निवृत्त होतात किंवा सोडून जातात, तसतसा तो वर सरकतो. कोणत्या जातीचे विमान चालवावयाचे, उजव्या आसनावर सहवैमानिक म्हणून बसावयाचे की डाव्या आसनावर कॅप्टन म्हणून, कोणत्या शहराच्या तळावर राहावयाचे, महिन्याच्या कोणत्या फेऱ्या घ्यावयाच्या, दिवाळीची किंवा नाताळची रजा मिळणार की नाही, हे सारे त्या क्रमांकावर ठरते. वरिष्ठ प्रथम पसंती सांगतो, उरलेले कनिष्ठाच्या वाट्याला येते. मोठ्या, दूर पल्ल्याच्या विमानाचा कॅप्टन आणि लहान विमानाचा सहवैमानिक यांच्या वेतनांत कित्येक पटींचा फरक असल्यामुळे हा क्रमांक म्हणजे वैमानिकाची आयुष्यभराची मिळकतच होय.

कंपनी अडचणीत आली की याच यादीच्या तळापासून माणसे कमी केली जातात. त्यांना कायमचे काढून टाकत नाहीत. काम वाढले की क्रमाने परत बोलावण्याचा हक्क त्यांना असतो. या सक्तीच्या बिनपगारी रजेला तिकडे फर्लो म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द बहुधा वर्तमानपत्रांतील तुरुंगाच्या बातम्यांमुळे परिचित आहे. तेथे फर्लो म्हणजे कैद्याची सुटका. येथे मात्र तो कामकऱ्याचा वनवास आहे. तो चार-पाच वर्षेही लांबू शकतो.

या पद्धतीचे दुसरे वैशिष्ट्य असे की हा क्रमांक दुसरीकडे नेता येत नाही. अभियंता किंवा प्राध्यापक एका संस्थेतून दुसरीत जातो तेव्हा अनुभवाचे मोल बरोबर घेऊन जातो. पंचवीस वर्षे कॅप्टन असलेला वैमानिक दुसऱ्या कंपनीत गेला, तर तो तेथे सर्वांत कनिष्ठ सहवैमानिक म्हणून पहिल्या वर्षाच्या वेतनावर सुरुवात करतो. म्हणून वैमानिक आपल्या कंपनीशी एका अर्थाने बांधलेला असतो. कंपनी बुडाली तर त्याचा क्रमांकही बुडतो, आणि ती दुसरीत विलीन झाली तर त्या क्रमांकाचे काय होणार हा प्रश्न उभा राहतो. त्याला नवी नोकरी शोधण्याचा मार्ग जवळजवळ बंद असल्यामुळे तो या प्रश्नावर प्राणपणाने लढतो, यात नवल नाही.

दोन याद्या जोडण्याच्या ढोबळ मानाने तीन रीती आहेत. पहिली, रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे सर्वांची नावे लावणे. ही सर्वांत सरळ आणि न्याय्य वाटते. परंतु समजा, एक कंपनी जुनी आहे आणि दुसरी १९९५ साली स्थापन झालेली आहे. नव्या कंपनीतील पहिल्या क्रमांकाचा कॅप्टनही १९९५ सालीच रुजू झालेला असणार. तारखेप्रमाणे यादी केली, तर काल आपल्या कंपनीत सर्वश्रेष्ठ असलेला हा माणूस जुन्या कंपनीत १९९५ पूर्वी लागलेल्या प्रत्येकाच्या खाली जाईल, मग त्यांच्यापैकी कित्येक जण अजून सहवैमानिक का असेनात. दुसरी रीत प्रमाणाची. एका कंपनीत ३०० वैमानिक असतील आणि दुसरीत १००, तर तीनास एक या हिशेबाने नावे गुंफावयाची. म्हणजे आपल्या यादीच्या मध्यावर असलेला माणूस नव्या यादीच्याही मध्यावर राहतो. येथे जुन्या कंपनीतील माणसाची तक्रार असते की आपली पंधरा वर्षे आणि समोरच्याची पाच वर्षे एकाच तागडीत तोलली गेली. तिसरी रीत म्हणजे विकत घेतलेल्या कंपनीची संपूर्ण यादी आपल्या यादीच्या तळाला जोडणे. वैमानिकांच्या बोलीत हिला स्टेपल करणे, म्हणजे टाचणे, म्हणतात. यांखेरीज कुंपण नावाचा एक उपाय आहे. अमुक विमाने किंवा अमुक तळ इतकी वर्षे मूळ कंपनीच्या वैमानिकांकडेच राहतील, असा नियम करून घाव सोसण्याजोगा केला जातो.

टाचण्याचे ठळक उदाहरण २००१ सालचे आहे. दिवाळखोरीत निघालेली ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स ही जुनी कंपनी अमेरिकन एअरलाइन्सने त्या वर्षी विकत घेतली. अमेरिकनच्या वैमानिकांची स्वतंत्र संघटना आहे. १९६३ साली ती राष्ट्रव्यापी एअर लाइन पायलट्स असोसिएशनमधून फुटून निघाली होती. ट्रान्स वर्ल्डच्या वैमानिकांपैकी निम्म्याहून अधिक जण यादीच्या तळाशी टाचले गेले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, विमान प्रवास घटला, आणि कपात तळापासून होत असल्यामुळे कुऱ्हाड प्रामुख्याने याच लोकांवर पडली. ट्रान्स वर्ल्डचे मोठे केंद्र मिसुरी राज्यातील सेंट लुइस येथे होते. त्या राज्याचे दोन सिनेटर, मॅकॅस्किल आणि बाँड, हे भिन्न पक्षांचे. तरी दोघांनी मिळून डिसेंबर २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती घडवून आणली. विलीनीकरणात याद्या न्याय्य रीतीने जोडल्या पाहिजेत आणि मतभेद राहिल्यास ते लवादाकडे गेले पाहिजेत, असे या दुरुस्तीने बंधनकारक केले. ट्रान्स वर्ल्डच्या लोकांना तिचा उपयोग नव्हता. त्यांनी स्वतःच्याच जुन्या संघटनेवर खटला भरला, आणि २०११ साली न्यू जर्सीतील ज्यूरीने संघटनेने त्यांचे न्याय्य प्रतिनिधित्व केले नाही असा निर्णय दिला.

या प्रकरणांतील विलंब समजून घ्यावयाचा तर अमेरिकेतील कायद्याचा एक विशेष ध्यानात ठेवला पाहिजे. तेथील विमान वाहतुकीला रेल्वे कामगारांचा कायदा लागू आहे. तो १९२६ चा. १९३६ साली तो विमान कंपन्यांना लागू करण्यात आला. त्याप्रमाणे वेतनकराराची मुदत संपते असे होत नाही. करार केवळ दुरुस्तीस पात्र होतो आणि नवा होईपर्यंत जुनाच चालू राहतो. वाटाघाटी फसल्या तर राष्ट्रीय मध्यस्थी मंडळ मध्ये पडते, आणि मंडळ सोडील तेव्हाच, त्यानंतरही तीस दिवस थांबून, संप करता येतो. राष्ट्राध्यक्षाला तो आणखी रोखून धरता येतो. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकनच्या वैमानिकांचा संप सुरू होऊन काही मिनिटे होतात न होतात तोच अध्यक्ष क्लिंटन यांनी तो थांबविला. परिणामी वैमानिकाच्या हाती संपाचे शस्त्र असले तरी ते म्यानातून काढण्याची परवानगी त्याच्या हाती नाही. जुन्या, हलक्या करारावर वर्षानुवर्षे काम करीत राहणे, हाच बहुधा त्याचा नित्यक्रम ठरतो. अशा वेळी विलीनीकरणाची वार्ता येते, आणि तिच्यासाठी वैमानिकांची संमती हवी असेल तर ते त्या संमतीची किंमत मागू शकतात. वैमानिकाच्या हातात तराजू येतो तो याच क्षणी. एका पारड्यात नवा करार, दुसऱ्यात आपला क्रमांक.

यु. एस. एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांचे प्रकरण या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. यु. एस. एअरवेज ही पूर्व किनाऱ्यावरची जुनी कंपनी. ती २००२ आणि २००४ अशी दोनदा दिवाळखोरीत गेली. वैमानिकांचे वेतन कापले गेले, निवृत्तिवेतनाची योजना २००३ साली रद्द झाली, आणि सुमारे ५,१०० वैमानिकांपैकी जवळजवळ १,७०० फर्लोवर गेले. अमेरिका वेस्ट ही ॲरिझोनातील, १९८३ मध्ये उड्डाणे सुरू केलेली तरुण कंपनी. वैमानिक सुमारे १,९००, आणि फर्लोवर एकही नाही. सप्टेंबर २००५ मध्ये दोन्ही एक झाल्या. नाव जुन्या कंपनीचे राहिले, सूत्रे तरुण कंपनीच्या हाती गेली. वैमानिक एकमेकांना पूर्व आणि पश्चिम म्हणू लागले.

दोन्ही गट तेव्हा एकाच राष्ट्रीय संघटनेचे सदस्य होते, आणि संघटनेच्या नियमांप्रमाणे प्रश्न लवादापुढे गेला. पूर्वेने रुजू होण्याची तारीख मागितली, पश्चिमेने प्रमाण मागितले. पूर्वेचा युक्तिवाद तारखेपुरता नव्हता. आमचे लोक वयस्क आहेत, ते लवकरच साठाव्या वर्षी निवृत्त होतील, त्यांच्या रिकाम्या जागा आमच्या खालच्यांनी इतकी वर्षे वाट पाहून कमावल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पश्चिम म्हणत होती, आमच्या कंपनीचा हात मिळाला नसता तर तुमची कंपनी उरलीच नसती. बुडत्या जहाजावरच्या बढतीची किंमत ती काय?

लवाद जॉर्ज निकोलाव यांनी मे २००७ मध्ये निवाडा दिला. पश्चिमेकडे मोठी, दूर पल्ल्याची विमाने नव्हती, म्हणून यादीतील पहिली पाचशेहून अधिक स्थाने पूर्वेला मिळाली. त्याखाली काम करीत असलेल्या वैमानिकांची नावे प्रमाणाने गुंफली गेली, आणि फर्लोवर असलेले सर्व तळाशी गेले. याचा अर्थ असा झाला की सुमारे सतरा वर्षांपूर्वी रुजू झालेला पण विलीनीकरणाच्या वेळी फर्लोवर असलेला पूर्वेचा वैमानिक हा काही महिन्यांपूर्वीच नोकरीस लागलेल्या पश्चिमेच्या तरुणाच्या खाली बसला. निवाड्याचा तर्क समजण्यासारखा आहे: ज्याच्यापाशी विलीनीकरणाच्या दिवशी नोकरीच नव्हती, त्याला नोकरी असलेल्याच्या वर कसे घालावे? परंतु सतरा वर्षांचे मोल शून्य धरणाऱ्या तर्कात काहीतरी उणे आहे, असेही वाटल्यावाचून राहत नाही. राष्ट्रीय संघटनेलाही तसे वाटले असावे; २००९ साली तिने आपल्या धोरणात सेवाकालाचा विचार पुन्हा स्पष्टपणे अंतर्भूत केला.

आता खरी गंमत अशी की हा निवाडा अंमलात येण्यास एक अट होती. दोन्ही गटांचा मिळून एक नवा वेतनकरार मताला टाकून संमत झाल्यावरच नवी यादी लागू व्हावयाची होती. पूर्वेचे बहुमत होते. करार झाला नाही तर यादीही नाही, हे उघड होते. पूर्वेने त्याहून मोठे पाऊल उचलले. तिने नवी संघटना उभी केली, आणि एप्रिल २००८ च्या निवडणुकीत थोड्या मताधिक्याने राष्ट्रीय संघटनेला कंपनीतून घालविले. रुजू होण्याच्या तारखेचा आग्रह हा या नव्या संघटनेच्या घटनेचाच भाग होता. पश्चिमेचे वैमानिक तिच्याविरुद्ध न्यायालयात गेले. २००९ साली फिनिक्स येथील ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. २०१० साली वरिष्ठ न्यायालयाने नवा करार अजून झालेलाच नसल्याने वाद अपक्व आहे म्हणून तो फिरविला.

या साऱ्या काळात एकाच रंगाची विमाने दोन वेगळ्या करारांखाली उडत होती. पूर्वेचा वैमानिक पश्चिमेच्या विमानात बसू शकत नव्हता, पश्चिमेचा पूर्वेच्या. पूर्वेच्या लोकांचे वेतन २००४ च्या दिवाळखोरीतील पातळीवरच गोठून राहिले. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेने निवृत्तीचे वय साठावरून पासष्ट केले, त्यामुळे ज्या रिकाम्या होणाऱ्या जागांवर पूर्वेची मदार होती त्यादेखील पाच वर्षे पुढे गेल्या. जानेवारी २००९ मध्ये दोन्ही इंजिने बंद पडलेले विमान हडसन नदीवर सुखरूप उतरविणारे कॅप्टन सुलेनबर्गर हे याच कंपनीचे, पूर्वेच्या गटातले. पुढच्याच महिन्यात अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बोलताना आपले वेतन चाळीस टक्क्यांनी कापले गेले असून निवृत्तिवेतन रद्द झाले आहे, हे त्यांनी सांगितले. साऱ्या देशाच्या कौतुकाचा विषय झालेला हा माणूस अशा करारावर काम करीत होता.

याउलट उदाहरण डेल्टा आणि नॉर्थवेस्ट यांचे. या दोन्ही कंपन्या १४ सप्टेंबर २००५ या एकाच दिवशी दिवाळखोरीत गेल्या होत्या. २००८ च्या आरंभी विलीनीकरणाची बोलणी चालली असता दोन्हीकडच्या वैमानिकांनी घोषणेपूर्वीच एक यादी ठरविण्याचा यत्न केला. तो मार्चमध्ये फसला. तथापि त्यांनी याद्यांचा प्रश्न बाजूस ठेवून आधी दोघांचा एक करार करून घेतला आणि ऑगस्टमध्ये तो संमत केला. त्यात वेतनवाढीबरोबर नव्या कंपनीच्या समभागांतील वाटाही होता. यादी लवादाने डिसेंबरमध्ये, कुंपणांसह, लावून दिली. नाराजी राहिलीच, पण प्रकरण वर्षभरात मिटले. माझ्या मते येथे स्वभावाचा फरक नव्हता, क्रमाचा होता. डेल्टात कराराचा लाभ हाती पडल्यानंतर यादी आली, यु. एस. एअरवेजमध्ये यादी आधी आली, आणि कराराला मत देणे म्हणजे तिलाच मत देणे ठरले.

आपल्याकडेही हा प्रश्न येऊन गेला आहे. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एकत्र करण्यात आल्या. वैमानिकांच्या संघटना मात्र दोन राहिल्या, आणि वेतनाच्या पद्धतीही. समान वेतनासाठी पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी एप्रिल-मे २०११ मध्ये संप केला. सेवाशर्तींचा मेळ घालण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली. २०१२ च्या मे महिन्यात दुसऱ्या बाजूचा, म्हणजे पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांचा, संप झाला. तो ५८ दिवस चालला. त्यांचा रोष होता तो नव्या बोइंग ७८७ विमानांच्या प्रशिक्षणात इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही वाटा दिला जाण्यावर. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी उड्डाणे त्या उन्हाळ्यात रद्द झाली. विमान नवे होते, भांडण जुन्याच यादीचे.

पुन्हा अमेरिकेकडे वळू. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी २००३ साली कंपनी वाचविण्यासाठी वेतनात मोठी कपात पत्करली होती. पुढील कराराची बोलणी २००६ पासून चालली होती ती संपलीच नाहीत. २९ नोव्हेंबर २०११ रोजी कंपनीच दिवाळखोरीत गेली. दिवाळखोरीच्या कायद्याप्रमाणे न्यायालयाच्या अनुज्ञेने कंपनीला कामगारांचा करार मोडता येतो. तशी अनुज्ञा तिने मागितली. या अवस्थेत यु. एस. एअरवेजने विलीनीकरणाचा प्रस्ताव व्यवस्थापनाला डावलून थेट अमेरिकनच्या कामगार संघटनांपुढे नेला, आणि २० एप्रिल २०१२ रोजी वैमानिकांसह तिन्ही संघटनांनी आपला या प्रस्तावाला पाठिंबा असल्याचे जाहीर केले. अद्याप जिने आपल्याला विकत घेतलेले नाही त्या कंपनीशी कामगारांनी वेतनाच्या अटी आधीच ठरवून टाकाव्यात, हा प्रकार विलक्षणच म्हटला पाहिजे. आश्चर्य याचे की सात वर्षांत आपल्याच दोन गटांची यादी जिला जोडता आली नव्हती, तीच ही कंपनी होती. अमेरिकनच्या वैमानिकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. परंतु समोरचे व्यवस्थापन त्यांना त्याहून अविश्वसनीय वाटत होते.

ऑगस्ट २०१२ मध्ये कंपनीने दिलेला अखेरचा प्रस्ताव वैमानिकांनी ६१ टक्के मतांनी फेटाळला. न्यायाधीश शॉन लेन यांनी कंपनीची पहिली मागणी अमान्य केली, पण ४ सप्टेंबरला सुधारलेली मागणी मान्य केली आणि जुना करार संपुष्टात आला. त्या महिन्यात अमेरिकनच्या विमानांना विलंब आणि रद्द उड्डाणे यांनी ग्रासले. डिसेंबरमध्ये वैमानिकांनी सुमारे ७४ टक्के मतांनी नवा करार स्वीकारला. ऑगस्टच्या प्रस्तावापेक्षा तो बरा होता. दिवाळखोरीतून निघणाऱ्या कंपनीत १३.५ टक्के वाटा त्यांना मिळणार होता. चार महिन्यांत इतके मत कसे पालटले? ऑगस्टमध्ये नाही म्हणताना त्यांच्यापुढे न्यायालयाची अनिश्चितता होती. डिसेंबरपर्यंत विलीनीकरण जवळ आले होते आणि हा करार त्याचे दार ठरणार होता. १४ फेब्रुवारी २०१३ रोजी विलीनीकरण जाहीर झाले. ऑगस्टमध्ये सरकारने स्पर्धेच्या कायद्याखाली त्याला हरकत घेतली, नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली, आणि ९ डिसेंबर २०१३ रोजी ते पूर्ण झाले.

आता याद्या दोन नव्हत्या, तीन होत्या: अमेरिकन, पूर्व आणि पश्चिम. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकनची संघटना सर्वांची प्रतिनिधी झाली. पश्चिमेला लवादापुढे स्वतःची वेगळी समिती नेण्याची मुभा मिळाली. पूर्वेच्या संघटनेने पश्चिमेच्या वैमानिकांचे न्याय्य प्रतिनिधित्व केले नाही, असे वरिष्ठ न्यायालयाने जून २०१५ मध्ये ठरविले. निकोलाव यांचा निवाडा येऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. अखेर ६ सप्टेंबर २०१६ रोजी त्रिसदस्य लवादाने सुमारे पंधरा हजार नावांची एकच यादी दिली. तीत वैमानिकाचा विलीनीकरणाच्या वेळचा दर्जा आणि त्याचा सेवाकाल या दोहोंची सांगड घातली होती. केवळ तारखेचा आग्रह धरणाऱ्यांचे त्यात समाधान झाले नाही, केवळ प्रमाणाचा धरणाऱ्यांचेही नाही. २००५ साली जे वादात उतरले होते त्यांपैकी अनेक जण तोवर पासष्ट ओलांडून निवृत्त झाले होते, आणि त्यांची नावे या यादीत कोठेच नव्हती.